आधी तू सांग

१२ जानेवारी, रविवार

ही डायरी दातांचं सामान पुरवणाऱ्याकडून फुकट आलेली आहे. प्रत्येक पानाच्या तळाला प्लास्टरची नाहीतर मेणाची जाहिरात. दरवर्षी येते आणि दरवर्षी मी ती कुणाच्या तरी गळ्यात मारते. यंदा ठेवून घेतली, कारण काल जेवताना कॅप्टन म्हणाले, "काय प्यायलो ते घरी गेल्यावर लिहून काढत जा. वास हवेत विरतो, लिहिला की थांबतो." म्हणून लिहायला बसले. वास एका ओळीत संपला आणि माणसंच आठवायला लागली.

आम्ही चौघं. बहुतेक शनिवारी कुठल्या तरी नव्या हॉटेलात जेवायला जातो. डॉक्टर म्हणजे माझी कॉलेजपासूनची मैत्रीण, दातांची डॉक्टर. ती दात काढते, मी बनवते. तिच्या दवाखान्यामागच्या गल्लीत माझी लॅब आहे. भूगोल म्हणजे तिचा नवरा. शाळेत भूगोल शिकवतो, स्वतः पीत नाही, येताजाता गाडी चालवतो आणि प्रत्येक बाटलीवरचं गाव नकाशात कुठे येतं ते न विचारता सांगतो. कॅप्टन म्हणजे डॉक्टरचे मावसभाऊ. जन्मभर त्यांनी लिफ्ट विकल्या, जहाजावर कधी पाय ठेवला नाही. टेबलाशी बसलो की मेन्यू आपोआप त्यांच्या हातात जातो म्हणून हे नाव पडलं. एकदा भूगोलने भर हॉटेलात "अहो कॅप्टन!" अशी हाक मारली तर हेडवेटर धावत आला. बायको गेल्यावर कॅप्टन आमच्यात यायला लागले. वाइनमधलं आम्हा तिघांना काडीचं कळत नव्हतं. जे काय कळतं ते त्यांच्यामुळे.

काल नदीकाठच्या नव्या हॉटेलात गेलो. खुर्च्या अशा, की बसणाऱ्याने लवकर उठावं. वेटरने रेड वाइन उघडली आणि पहिला घोट कॅप्टनच्या ग्लासात ओतला. त्यांनी ग्लास फिरवला, नाकाशी नेला, डोळे मिटले, घोट घेतला, मान हलवली. "छान. अंगाने भरलेली आहे." सगळ्यांचे ग्लास भरले. मी ग्लास नाकाशी नेला तर पुठ्ठ्याचा वास. तळघरात पाणी शिरल्यावर खोकी कुजतात, तसा.

"याला ओल्या पुठ्ठ्याचा वास येतोय," मी म्हटलं.

डॉक्टरने हुंगलं. "खरंच की गं!" भूगोलनेही लांबूनच नाक पुढे केलं. "आमच्या नकाशांच्या खोलीत येतो तोच."

कॅप्टननी माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग ग्लास पुन्हा नाकाशी नेला आणि मोठ्याने हसले. "शाब्बास! बघत होतो, कोण पकडतंय ते. बूच खराब निघालं की वाइन अशी होते. अहो, बाटली बदलून आणा."

परीक्षा होती तर. आणि मी पास झाले. शाळेत मी कधी पहिली आले नव्हते, त्यामुळे असल्या गोष्टीचा अजून आनंद होतो.

२ फेब्रुवारी, रविवार

बाजाराच्या मागे एका बाईंनी जुन्या छापखान्याच्या जागेत हॉटेल काढलं आहे. उंच छत, लोखंडी खांब, खिडक्या इतक्या वर की आकाशाखेरीज काही दिसत नाही. जेवण उत्तम. मासा असा शिजवलेला की काट्याने नुसता विचारला तरी सुटतो. कॅप्टननी मात्र त्याच्यावर मिरपूड घालून घालून काळा केला आणि भाजलेल्या पावाचा कडक भागच जास्त खाल्ला. माझ्या मनात आलं, नवरा-बायकोतलं एक माणूस गेलं की दुसऱ्याचं जेवण बिघडतं. माझा नवरा गेला तो फक्त शहराच्या दुसऱ्या टोकाला गेला, तरी मी सहा महिने टोस्टच खात होते.

जेवण झाल्यावर मालकीणबाई टेबलाशी आल्या. त्यांना हॉटेलसाठी चांगल्या वाइन कुणा जाणकाराने निवडून द्यायला हव्या आहेत. शिवाय एक आड एक शनिवारी दुपारी, जेवणं आटोपली की, वीसेक लोकांना बसवून वाइन चाखण्याचा कार्यक्रम करायचाय. कॅप्टन करतील का? कॅप्टन हो म्हणाले. लिफ्टचं काम सुटल्यापासून त्यांना इतकं ताठ बसलेलं मी पाहिलं नव्हतं.

परतताना गाडीत मला म्हणाले, "बाटल्या निवडायला तुम्ही याल का बरोबर? तुमचं नाक चांगलं आहे."

"कसलं चांगलं! दिवसभर लॅबमधली रसायनं हुंगून गेलंय ते."

"गेलेलं नाक असं नसतं," ते म्हणाले.

पुढच्या सीटवर डॉक्टर खोकली. तिला काही बोलायचं असलं की ती आधी खोकते. बोलली मात्र काहीच नाही.

११ फेब्रुवारी, मंगळवार

दुपारी लॅब बंद ठेवली. छापखान्यात, म्हणजे त्या हॉटेलात, मागच्या खोलीत मी आणि कॅप्टन. टेबलावर बाटल्यांची रांग, पाण्याचा तांब्या, थुंकायला बादली. (तोंडात घोळवून थुंकायचं असतं. माझ्या धंद्यात लोक दिवसभर हेच करतात, त्यामुळे मला संकोच वाटला नाही.)

प्रत्येक ग्लास ओतला की ते म्हणत, "आधी तुम्ही सांगा."

"पेन्सिल सोलल्यावर येतो तसा वास."

"अजून?"

"पेअर. पिकून थोडं पुढे गेलेलं."

"अजून? घाई करू नका."

मी सांगत होते, ते मान डोलवत होते, मधूनच त्या द्राक्षाबद्दल, त्या मातीबद्दल, पिंपात किती ठेवतात त्याबद्दल सांगत होते. वाचन दांडगं. मी विचारलं, तुम्ही का नाही आधी सांगत? तर म्हणाले, "मी आधी बोललो की तुम्हाला माझ्याच जिभेने चव लागेल. शिकणाऱ्याने आधी बोलावं."

ही पद्धत मला पटली. मला ज्याने दात बनवायला शिकवलं तो आधी रंग सांगायचा आणि मग दात दाखवायचा. कित्येक वर्षं मला त्याच्याच डोळ्यांनी दिसत होतं. कॅप्टनसारखा शिक्षक तेव्हा मिळायला हवा होता.

२३ फेब्रुवारी, रविवार

काल पहिला कार्यक्रम पार पडला. खुर्च्या भरल्या होत्या. कॅप्टननी मला आपल्या उजव्या हाताला बसवलं. लोकांना ग्लास मिळायच्या आधी आम्हा दोघांचे भरत होते. मी हुंगून हळूच त्यांच्या कानाशी सांगायचं, "तयारी झाली का बघू" म्हणून. आणि मग ते उभे राहून सांगायचे, "आता नीट लक्ष द्या. पेन्सिल सोलल्याचा वास येईल. आणि त्याच्या मागून, पिकून थोडं पुढे गेलेलं पेअर."

माझेच शब्द, माझ्यासमोर. मी केलेला दात परक्या तोंडात हसताना दिसतो तेव्हा वाटतं, तसं वाटलं. म्हणजे राग नाही. धंदाच तो आपला.

खुर्च्या आवरताना म्हणाले, "तू नसतीस तर माझी काही धडगत नव्हती." 'तुम्ही'चं 'तू' झालं ते त्यांच्या ध्यानात आलं नसावं. माझ्या आलं.

९ मार्च, रविवार

काल मी मूर्खासारखं वागले. मुलीने पाठवलेला सेंट पडून होता, तो लावून गेले. वाइन चाखायला जाताना सेंट लावायचा नसतो हे मला स्वतः कॅप्टननी सांगितलेलं! दारातच डॉक्टर म्हणाली, "अगं बाई, हे काय लावून आलीस? इथे?" मालकीणबाईंनी पंखा सुरू केला. औषधांच्या दुकानवाल्या एक बाई मागच्या वेळीही आल्या होत्या, त्या रुमाल नाकाला लावून मागच्या खुर्चीवर जाऊन बसल्या. धरणी पोटात घेईल तर बरं, असं मला झालं होतं.

कॅप्टननी चकार शब्द काढला नाही. सगळा वेळ माझ्याशेजारी, म्हणजे जवळजवळ सेंटच्या बाटलीतच, बसले आणि चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलली नाही. इतका सभ्य माणूस मी पाहिलेला नाही. कार्यक्रमानंतर मी माफी मागायला गेले तर "कशाबद्दल?" म्हणाले. वर असं काही आश्चर्य दाखवलं, की कुणालाही खरं वाटावं.

१६ मार्च, रविवार

आज पहिल्यांदा त्यांच्या घरी गेले. चौथा मजला, लिफ्ट बंद. "जन्मभर विकल्या, आता सूड उगवतायत," म्हणाले. घर नीटनेटकं. स्वयंपाकघरात दोन खुर्च्या, एक वापरातली आणि एक तशीच.

कॉफीसाठी दूध गॅसवर ठेवलं आणि आम्ही टेबलाशी बसून पुढच्या शनिवारच्या बाटल्यांबद्दल बोलत बसलो. त्यांची पाठ गॅसकडे, पण हात लांब केला तर पातेलं लागेल इतकं जवळ. मी बाटल्यांवरची नावं वाचून दाखवत होते. अचानक करपल्याचा भपकारा आला. मी ओरडले, "अहो, दूध!" तेव्हा कुठे वळले. पातेल्याचा तळ काळाठिक्कर, खोलीत धूर. माणूस माझ्याशी बोलताना इतका रंगून गेला, की हाताशी दूध जळतंय आणि त्याला पत्ता नाही.

दूध मी कित्येकदा जाळलं आहे, पण माझ्यापायी कुणी कधी जाळलं नव्हतं.

२० मार्च, गुरुवार

मुलीचा फोन. तिला तिकडची थंडी आवडत नाही आणि काम आवडतं. मी छापखान्याबद्दल सांगत होते. मधेच म्हणाली, "आई, तू ह्या कॅप्टनबद्दल बोलताना श्वाससुद्धा घेत नाहीस."

"मी वाइनबद्दल बोलतेय."

"बरं. वाइनला माझा नमस्कार सांग."

आजकालच्या मुलींना सगळीकडे तेच दिसतं. मी चोपन्न वर्षांची बाई आहे आणि मला उद्या सकाळपर्यंत तीन दाढा पुऱ्या करायच्या आहेत.

१० एप्रिल, गुरुवार

काय झालं ते जसं झालं तसं लिहिते.

संध्याकाळी बाटल्यांच्या निमित्ताने कॅप्टनकडे गेले होते. आतल्या खोलीत कपाट उघडं, पलंगावर बायकी कपड्यांच्या घड्या. त्यांनी एक राखाडी शाल उचलली आणि माझ्यापुढे धरली. "याला काही वास येतो का बघ."

मला विचित्र वाटलं. मेलेल्या बाईची शाल हुंगायची म्हणजे. पण हुंगली.

"डांबराच्या गोळ्यांचा येतो."

"तो असणारच. त्याच्याखाली काही?"

त्याच्याखाली होता. अगदी पुसट, अंगाचा नाहीतर साबणाचा, गोडसर काहीतरी. "नाही," मी म्हटलं. "बाकी काही नाही." कशाला सांगायचा? बायको जाऊन दोन वर्षं झाली. माणसाने कुठवर शाली हुंगत बसायचं?

त्यांनी शाल घडी करून परत ठेवली. घडी दोनदा केली. मग कॉफी न विचारता मला दारापर्यंत सोडायला आले.

घरी येताना मी विचार करत होते. माणूस बायकोचं कपाट रिकामं करायला काढतो, आणि ते मला बोलावून दाखवतो. याचा अर्थ कळायला मी काही कुक्कुलं बाळ नाही. पण मी घाई करणार नाही. त्यांनीच विचारावं.

२० एप्रिल, रविवार

तापाची कणकण आहे. थोडक्यात लिहिते.

शुक्रवारपासून सर्दीने नाक पार चोंदलंय. तरी काल गेले, न जाऊन कसं चालेल. पहिला ग्लास आला. मी हुंगला. काही नाही. घोट घेतला. नाक नसलं की वाइन म्हणजे आंबट-तुरट पाणी, दुसरं काही नाही! गंमतच आहे. कॅप्टनना कधीतरी हे सांगायला हवं, त्यांना मजा वाटेल.

त्यांनी कान पुढे केला. मी म्हटलं, "आज माझं नाक बंद आहे. तुम्हीच सांगा." त्यांचा चेहरा असा झाला, जशी मी लिफ्टची दोरी कापली. "थट्टा करू नकोस," म्हणाले. मी नाक शिंकरून दाखवलं.

पहिल्या दोन बाटल्या त्यांनी निभावल्या. जास्त गोष्टीच सांगितल्या, मातीच्या, पावसाच्या. तिसरी रेड. ते म्हणाले, "पिकलेला प्लम. आणि थोडंसं लाकूड." औषधवाल्या बाई म्हणाल्या, "मला तर बुरशीचा वास येतोय."

"नीट हुंगा."

"नीटच हुंगतेय. ओल्या फडक्याचा वास आहे हा."

मग दुसऱ्या टेबलावरून एक, मागून एक. कुजबुज. मालकीणबाईंनी स्वतः हुंगलं आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, "कॅप्टन, बाटली खराब आहे. बदलूया."

"बाटलीला काही झालेलं नाही," ते म्हणाले. त्यांचा आवाज चढला होता. माझ्याकडे वळले. "सांग ना तू! सांग त्यांना!"

"मला आज काही येतच नाहीये," मी म्हटलं. मला दुसरं काय सांगता येणार होतं? कुणीतरी हसलं. हसण्यासारखं काही नव्हतं, पण हसू फुटतं कधीकधी. कॅप्टननी ग्लास टेबलावर ठेवला, खुर्चीच्या पाठीवरचा कोट घेतला आणि निघून गेले. लोकांना काय करावं कळेना. मालकीणबाईंनी चीज फिरवलं.

चूक माझी आहे. सर्दी झाल्याचं आदल्या दिवशीच कळवलं असतं तर त्यांनी स्वतःची तयारी केली असती. दोनदा फोन केला, उचलला नाही.

२२ एप्रिल, मंगळवार

तयार दाढा द्यायला दवाखान्यात गेले. एक पेशंट गेला होता, दुसरा यायचा होता. डॉक्टर हातमोजे काढत म्हणाली, "दादाने तीन दिवस दार उघडलेलं नाही. भूगोल डबा बाहेर ठेवून येतो."

"माझ्यावर चिडलेत ते. मी आधी कळवायला हवं होतं."

ती खोकली. मग म्हणाली, "अगं, तो तुझ्यावर कशाला चिडेल? त्याला लाज वाटतेय. चव्हाट्यावर आलं सगळं."

"काय आलं?"

"काय म्हणजे? त्याला वास येत नाही ते."

"त्यांनाही सर्दी झाली?"

 डॉक्टरने दार लोटलं आणि पेशंटच्या स्टुलावर बसली. वहिनी गेली त्याच हिवाळ्यात त्याला ताप आला होता, म्हणाली. ताप गेला आणि वास घेऊन गेला. नाकाच्या डॉक्टरांनी हात टेकले. जिभेला आंबट, गोड, तुरट कळतं, गरम-गार कळतं, बस्स.

"तुला माहीत नव्हतं?" तिने विचारलं.

"नाही."

"अगं पण तू त्याच्या कानात सांगत होतीस सगळं! आम्हाला वाटलं, तू जाणूनबुजून सांभाळून घेतेस त्याला. भूगोल तर सारखा म्हणायचा, केवढं मोठं मन आहे हिचं."

पेशंट आला. मी निघाले.

लॅबमध्ये येऊन एक दाढ घासायला घेतली. जास्त घासली गेली. टाकून दिली.

२३ एप्रिल, बुधवार

भूगोल उगाच मोठं मन म्हणत होता.

३ मे, शनिवार

आज कार्यक्रम झाला नाही. डॉक्टरने जेवायला बोलावलं, मी काम आहे म्हणून सांगितलं. काम खरंच होतं. समोरच्या चार दातांचा पूल, एका गाणाऱ्या बाईचा. समोरचे दात अर्ध्या केसाने जरी लांब झाले तरी 'फ' म्हणताना ओठाला लागतात. मी स्वतःच आरशासमोर बसून 'फ फ फ' म्हणत होते. शेजारच्या इस्त्रीवाल्याने काचेतून डोकावून पाहिलं.

मुलीला काही सांगितलेलं नाही. तिने वाइनची खुशाली विचारली. बरी आहे म्हटलं.

६ मे, मंगळवार

कॅप्टन आज लॅबमध्ये आला. याआधी कधी आला नव्हता. दाढी वाढलेली, कोट तोच. बसायला एकच स्टूल आहे, त्यावर मी होते, म्हणून दारातच उभा राहिला. भिंतीवर प्लास्टरचे जबडे ओळीने मांडलेले असतात, त्यांच्याकडे बघत म्हणाला, "सगळे हसतायत मला."

"ते सगळ्यांनाच हसतात."

माझ्या हातातलं घासण्याचं यंत्र चालू होतं. मी बंद केलं नाही.

"मी तुला वापरून घेतलं," तो म्हणाला. यंत्राच्या आवाजावर बोलायचं म्हणून त्याला ओरडून म्हणावं लागलं.

"हो," मीही ओरडले.

"सांगणार होतो. पहिल्याच दिवशी, त्या पुठ्ठ्याच्या वेळी. पण सगळे असे माझ्या तोंडाकडे बघत होते... ती गेली, नोकरी संपली. लोक मला काहीतरी विचारतात अशी तेवढी एकच जागा उरली होती." मग म्हणाला, "मालकीणबाईंना कार्यक्रम बंद करायचा नाहीये. मी त्यांना सांगून आलोय, शब्द सगळे तुझे होते. तू कर. मी मध्ये येणार नाही."

तो वळला. जाऊ द्यावं, असं मला वाटत होतं. आणि मग मी म्हटलं, "त्या शालीला अजून एक वास होता."

तो थांबला. आता मात्र मी यंत्र बंद केलं, कारण हे ओरडून सांगण्यासारखं नव्हतं.

"गोळ्यांच्या खाली. मी मुद्दाम सांगितला नाही तुला."

"कसा?"

मी डोळे मिटले. पेन्सिल आणि पेअर हुंगून हुंगून सवय झालेली आहे, वास परत बोलावता येतो. "उन्हात टाकलेल्या उशीसारखा. आणि संत्र्याच्या सालीसारखा, पण ताज्या नाही. वाळलेल्या."

"क्रीम," तो म्हणाला. "हाताला लावायची ती. संत्र्याचं होतं." आणि मग, "अजून आहे म्हणजे."

"होता महिन्यापूर्वी. आता आहे का ते बघावं लागेल."

मी स्टुलावरून उठले, तो बसला. त्याचं रडून झाल्यावर मी त्याला तोंड पुसायला कापूस दिला. लॅबमध्ये दुसरं काही नसतं. मुद्दाम का सांगितलं नाहीस, हे त्याने विचारलं नाही. ते एक बरं केलं.

९ मे, शुक्रवार

मालकीणबाईंना हो म्हटलं. एका अटीवर, की ओतायला मला माणूस हवा आणि माणूस मी आणणार. त्या म्हणाल्या, कुणालाही आणा, फक्त हात स्थिर हवा. त्याचा हात स्थिर आहे. बाकी कशात मी पडत नाही.

१८ मे, रविवार

काल मी उभी राहून बोलले. सुरुवातीला आवाज कुठल्या तरी दुसऱ्याच बाईचा वाटत होता. मी मातीबद्दल काही सांगितलं नाही, कारण मला ते येत नाही. ते भूगोलने पहिल्या रांगेतून न विचारता सांगितलं. कॅप्टन बाटली घेऊन टेबलाटेबलाशी फिरत होता. एकाही ग्लासात थेंब कमी नाही, जास्त नाही. लोक त्याच्याकडे बघायचं टाळत होते. ओतून झालं की फार लगबगीने "थँक्यू" म्हणत होते.

दुसऱ्या बाटलीला मी म्हटलं, मला यात ओल्या मातीच्या कुंडीचा वास येतो, तुम्हाला काय येतो ते सांगा.  तेव्हा औषधवाल्या बाईंनी मान वर करून विचारलं, "कॅप्टन, तुम्हाला काय वाटतं?" खोडसाळपणे विचारलं की चांगुलपणाने, मला अजून कळलेलं नाही.

तो बाटलीचं तोंड फडक्याने पुसत होता. पुसून झाल्यावर म्हणाला, "बाई, मला वास येत नाही. दोन वर्षं झाली. मागच्या वेळी तुमचं बरोबर होतं. ही थंड आहे, आंबटपणा बेताचा आहे आणि जिभेवर जरा जड लागते. यापुढचं मला माहीत नाही."

 मी पुढची बाटली उचलली आणि परत ठेवली.

मागच्या टेबलावर एक वृद्ध जोडपं होतं. आजोबांना पूर्ण कवळी. माझ्या हातची नव्हे, पण चांगली होती. ते म्हणाले, "अहो, मला तर ही कवळी बसवल्यापासून कशातलंच काही कळत नाही. बायको मान हलवते, म्हणून मी हलवतो."

आजी त्यांच्याकडे वळल्या. "अगं बाई! मी तर तुम्ही हलवता म्हणून हलवते!"

आधी डॉक्टर हसली. ती हसली की थांबत नाही. मग सगळेच. औषधवाल्या बाई डोळे पुसत म्हणाल्या, मला पहिल्या बाटलीत काही आलंच नव्हतं, नुसतं लिहून ठेवलं. एक जण म्हणाला, पेअर मला आजतागायत कशात सापडलेलं नाही. आजोबांनी ग्लास पुढे केला, "ओता हो कॅप्टन, आपण दोघं जड-हलकं बघू." तो खुर्ची ओढून त्यांच्याशेजारी बसला. उरलेल्या बाटल्या ज्याच्या त्याच्या हाताने ओतल्या गेल्या आणि काही सांडल्या. मालकीणबाई म्हणाल्या, असा कार्यक्रम त्यांनी पाहिला नव्हता. चांगल्या अर्थाने म्हणाल्या की कसं, विचारलं नाही.

डॉक्टर आणि भूगोल गाडीने गेले. गाडीत जागा असूनही डॉक्टर म्हणाली, मागच्या सीटवर शाळेचे नकाशे ठेवलेत, तुम्ही दोघं चालत या. मला तर सीट रिकामी दिसत होती.

बाहेर पडलो तेव्हा हॉटेलच्या पायऱ्या नुकत्याच धुतलेल्या होत्या. पाय घसरू नये म्हणून कॅप्टनने हात पुढे केला, मी धरला. मग बाजारातून, पुलावरून माझ्या घरापर्यंत चालत आलो.  पुलावर ऊन होतं. पायऱ्यांच्या पुढचा सगळा रस्ता कोरडा खडखडीत होता, हे दाराचं कुलूप उघडायला दुसरा हात लागला तेव्हा माझ्या लक्षात आलं.